मंदीत कृष्णवर्णीय शेजाऱ्याचा धंदा टिकवायचा तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ कळेल. तुम्ही अटलांटाच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहता, ऑफिस शहरात. ऑफिसच्या शेजारी एका कृष्णवर्णीय बाईंचा कॅफे आहे, सहा-सात माणसं कामाला. ऑफिसं आठवड्यातले तीनच दिवस भरायला लागली तशी गर्दी ओसरली, अंडी-दूध-कॉफी महागलं, आणि गेल्या आठवड्यात त्यांनी इन्स्टाग्रामवर लिहिलं की दोन महिन्यांचं भाडं थकलंय, बहुतेक बंद करावं लागेल. तुम्ही विचारलंय की आम्ही चार मराठी कुटुंबं आणि ऑफिसातली काही मंडळी मिळून काय करू शकतो? आमच्या मराठी मंडळाचा काही उपयोग होईल का? वर्गणी काढावी, की कर्ज मिळवून द्यावं? आणि शेवटी थोडं बिचकत विचारलंय, अडचणीत तर सगळेच आहेत, मग कृष्णवर्णीयांसाठी वेगळं काही करावं का, आणि ते आता कायद्यात बसतं का?

मी अटलांटात छोट्या धंद्यांना कर्ज देणाऱ्या एका ना-नफा संस्थेत काम करते. अशा संस्थांना इथे सीडीएफआय म्हणतात. आपल्या पतसंस्थेच्या जवळचा प्रकार, फक्त आमची संस्था ठेवी घेत नाही. माझ्या टेबलावर येणाऱ्या बहुतेक फायली कृष्णवर्णीय मालकांच्या असतात : न्हावी, वेण्या घालणाऱ्या, केटरर, पाळणाघरं, टी-शर्ट छापणारे, सफाईची कंत्राटं घेणारे. विषय रोजचा आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

त्या बाईंना सगळ्यात जास्त गरज आहे ती ठरलेल्या तारखेला हातात येणाऱ्या पैशाची. बाकी सगळं त्याच्यामागून. जेपी मॉर्गन चेस इन्स्टिट्यूटने २०१६ मध्ये सुमारे सहा लाख छोट्या धंद्यांची खाती तपासली, तेव्हा असं दिसलं की मधल्या फळीतल्या धंद्याकडे विक्री एकदम थांबली तर २७ दिवस पुरेल इतकीच रोकड असते. रेस्टॉरंटकडे १६ दिवस. म्हणजे चांगल्या काळातही कॅफे सव्वादोन आठवड्यांच्या अंतरावर उभा असतो. एका महिन्यात दोन मोठी बिलं उशिरा आली, एक फ्रिज बिघडला, की भाडं थकतं. धंदा वाईट चाललाय म्हणूनच थकतं असं नाही.

आता, कृष्णवर्णीयच का? कारण हा १६ दिवसांचा आधार संपल्यावर दुसरा आधार लागतो, आणि तो बहुतेकांकडे घराच्या रूपात असतो. घरावर कर्ज काढायचं, आईवडिलांकडून उसने घ्यायचे, मेहुण्याला हमीदार करायचं. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीत श्वेतवर्णीय कुटुंबाची मध्यक (म्हणजे सगळ्यांना क्रमाने लावलं की मधोमध येणारी) संपत्ती २,८५,००० डॉलर होती आणि कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९०० डॉलर. ही दरी आळसाने पडलेली नाही. १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने रंगवल्या गेल्या, तिथे गृहकर्जं मिळेनात, आणि घराची किंमत वाढून पुढच्या पिढीच्या हातात भांडवल येण्याचा जो सरळ रस्ता होता तो बंद झाला. आजही तसंच घर, तशाच सोयी, पण वस्ती कृष्णवर्णीय असेल तर किंमत सरासरी २३ टक्क्यांनी कमी येते, असं ब्रुकिंग्ज संस्थेच्या २०१८ च्या अभ्यासात दिसलं. मग बँक तारण मागते तेव्हा द्यायला काय असतं?

२०२० मध्ये, कोविड आला तेव्हा, हे सगळं एकदम उघडं पडलं. फेब्रुवारी ते एप्रिल या दोन महिन्यांत देशातले चालू धंदेमालक २२ टक्क्यांनी घटले, कृष्णवर्णीय धंदेमालक ४१ टक्क्यांनी. अकरा लाखांवरून ६,४०,००० वर. संकट एकच होतं, आधार वेगवेगळे होते.

आणि मदतीचे नियमही त्यांच्या धंद्याच्या आकाराला बसणारे नव्हते. हे एका उदाहरणाने सांगते, कारण पुढचा सल्ला यावरच उभा आहे. समजा एक न्हावी आहे, एकटाच, खुर्ची भाड्याने घेतलेली. वर्षाची जमा ६८,००० डॉलर. खुर्चीचं भाडं, सामान, गाडी, फोन, विमा असा सगळा खर्च लावून कराच्या शेड्यूल सी मधला (एकट्या मालकाच्या धंद्याचा फॉर्म) निव्वळ नफा दिसतो ९,०००. एप्रिल २०२० मध्ये पेचेक प्रोटेक्शन प्रोग्रॅम ही धंद्यांसाठीची सरकारी कर्जमदत आली तेव्हा एकट्या माणसाचं कर्ज या निव्वळ नफ्यावरून काढायचं होतं : महिन्याचा नफा गुणिले अडीच. म्हणजे १,८७५ डॉलर. बँका एवढ्या छोट्या फायलीला हातही लावत नव्हत्या. पहिले ३४९ अब्ज डॉलर ३ एप्रिलला वाटायला सुरुवात झाली आणि १६ एप्रिलला संपले; ज्यांचा बँकेतला साहेब ओळखीचा होता ते आधी आत शिरले. मार्च २०२१ मध्ये नियम बदलला आणि निव्वळ नफ्याऐवजी एकूण जमा धरायला परवानगी मिळाली. त्याच न्हाव्याला आता १४,००० च्या वर मिळू शकत होते. पण ज्यांनी आधीच छोटी रक्कम उचलली होती त्यांना ती वाढवून मिळाली नाही. कृष्णवर्णीयांच्या धंद्यांपैकी सुमारे ९५ टक्के असे एकट्या मालकाचे, पगारी माणूस नसलेले आहेत. नियम लिहिणाऱ्याने वर्ण पाहिला नसेल, तरी घाव कुणावर बसला ते दिसतंच.

म्हणून "अडचणीत सगळेच आहेत" हे खरं असलं तरी सगळे सारख्या उंचीवरून पडत नाहीत. तुमच्या प्रश्नातल्या बाई कुठल्या उंचीवर आहेत हे मला माहीत नाही, पण हा विचार मनात ठेवून त्यांच्याशी बोला.

आता काय करायचं. आधी वर्गणीचं. लगेच काढू नका. दोन हजार डॉलर जमतील, एका महिन्याच्या भाड्याचा तुकडा भरला जाईल, पुढच्या महिन्यात तोच खड्डा, आणि तेव्हा परत मागायला त्यांना लाज वाटेल. त्यापेक्षा तेच पैसे ऑर्डरच्या रूपात, आगाऊ, आणि ठरावीक वारी द्या. तुमच्या ऑफिसात मंगळवार, बुधवार, गुरुवार लोक येतात ना? दर बुधवारी सकाळच्या मीटिंगचा नाश्ता तीन महिन्यांसाठी ठरवून टाका. पंचवीस माणसांचा नाश्ता दर आठवड्याला नक्की आहे असं कळलं की त्या अंडी, ब्रेड, कॉफी किती घ्यायची ते ठरवू शकतात, माणसाला त्या दिवशी बोलावू शकतात, फेकाफेक कमी होते. एका दिवसात आलेल्या शंभर नव्या गिऱ्हाइकांपेक्षा हे मोलाचं आहे. जून २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या पोलिसाकडून झालेल्या हत्येनंतर लोकांनी कृष्णवर्णीयांच्या पुस्तकदुकानांवर इतक्या ऑर्डरी टाकल्या की दुकानदारांकडे माल नाही, पाठवायला हात नाहीत. आणि काही आठवड्यांत तीच माणसं उशीर झाला म्हणून रागावून ईमेल करू लागली. उमाळा ओसरल्यावर घेतलेला जादा माल आणि जादा माणूस दुकानदाराच्या गळ्यात राहिला.

ऑफिसच्या ऑर्डरीत एक खाच आहे, ती नीट सांभाळा. कॅफेला पुरवठादार म्हणून नोंदवायचं म्हटलं की कंपनी फॉर्म मागते, विम्याचं प्रमाणपत्र मागते, आणि मग बिल साठ किंवा नव्वद दिवसांनी काढते. ज्याच्याकडे सोळा दिवसांची रोकड आहे त्याला साठ दिवसांची उधारी देणं म्हणजे त्यानेच तुमच्या कंपनीला बिनव्याजी कर्ज देणं. आधीच तोल गेलेल्या कॅफेला अशी मोठी ऑर्डर बुडवू शकते. त्यामुळे तुमच्या मॅनेजरच्या कंपनी-कार्डावर त्याच दिवशी पैसे द्यायची सोय होते का बघा. कार्डावर त्यांचे तीनेक टक्के जातील, तरी परवडतं. तुम्ही स्वतः खरेदी खात्यात किंवा अकाउंट्समध्ये असाल, तर छोट्या पुरवठादारांची बिलं दहा-पंधरा दिवसांत काढायची मुभा मिळवणं ही माझ्या मते एका नोकरदार माणसाच्या हातातली सगळ्यात मोठी मदत आहे. तिच्यासाठी तुमच्या खिशातून काहीच जात नाही, आणि तरी ती फार थोडे लोक करतात.

डिलिव्हरी अ‍ॅपवरून मागवू नका. तिथे पंधरा ते तीस टक्के कमिशन कापलं जातं. फोन करा, जाऊन आणा. गिफ्ट कार्ड घेणार असाल तर घ्या, पण पुढच्याच आठवड्यात वापरायला जाऊ नका. त्यांनी तो पैसा भाड्यात घातलेला असेल, आणि तुम्हाला फुकट कॉफी द्यायला लागणारं दूध परत रोखीनेच आणावं लागेल.

मंडळाचं म्हणालात. गणपतीत आणि दिवाळीत आपण जेवण आपल्याच लोकांकडून करून घेतो, ते राहू द्या. पण साउंड, फोटोग्राफर, व्हिडिओ, टी-शर्ट आणि बॅनरची छपाई, टेबल-खुर्च्या, पार्किंगची व्यवस्था, नंतरची सफाई, शाळेच्या हॉलवरचे सुरक्षारक्षक, हे सगळं आपण बाहेरूनच घेतो ना? अटलांटात ही सगळी कामं करणारे उत्तम कृष्णवर्णीय व्यावसायिक आहेत. दोन कोटेशनं त्यांच्याकडून मागवा, अर्धे पैसे आगाऊ द्या आणि उरलेले कार्यक्रमाच्या रात्री. कार्यक्रम झाल्यावर कमिटीची बैठक होईपर्यंत चेक अडकवून ठेवायची आपल्या मंडळांना सवय आहे. ती मोडा. आणि काम आवडलं तर पुढच्या वर्षीची तारीख तेव्हाच देऊन टाका. माझ्याकडे कर्जाच्या फायलीत असं एक लेखी पत्र लावलेलं असेल तर मला निर्णय घेणं खूप सोपं जातं.

आता सगळ्यात महत्त्वाची आणि घाईची गोष्ट. त्या बाईंना आत्ता रोज चार-पाच फोन येत असतील : "चोवीस तासांत पैसे, क्रेडिट स्कोअर बघत नाही." याला मर्चंट कॅश अ‍ॅडव्हान्स म्हणतात. कायद्याच्या भाषेत ते कर्ज नसतं, पुढच्या विक्रीची आगाऊ खरेदी असते, म्हणून व्याजाचा दरही सांगत नाहीत; "फॅक्टर रेट" सांगतात. समजा वीस हजार उचलले, फॅक्टर १.४. फेडायचे २८,०००. बँकेच्या प्रत्येक कामाच्या दिवशी खात्यातून २०० डॉलर आपोआप जाणार, १४० दिवस, म्हणजे साधारण साडेसहा महिने. चाळीस टक्के वाटतात, पण पहिल्या दिवसापासूनच परतफेड सुरू असल्याने वर्षाच्या हिशोबाने दर शंभर टक्क्यांच्या बराच वर जातो. आणि कॅफेच्या गल्ल्यातून रोज २०० डॉलर गेले की तिसऱ्या महिन्यात दुधवाल्याचं बिल थकतं, मग पहिला अ‍ॅडव्हान्स फेडायला दुसरा घेतला जातो. ज्या फायली माझ्याकडे फार उशिरा येतात, त्यांच्या बँक स्टेटमेंटवर रोजच्या अशा दोन-तीन कपाती एकाखाली एक दिसतात. तेव्हा आम्हालाही नवं कर्ज देता येत नाही, कारण आमचे पैसे दुसऱ्या दिवशी त्या कपातींतच जातील.

तेव्हा त्यांना भेटलात की हळुवारपणे पण स्पष्ट विचारा : असं काही घेतलंय का? घेतलं नसेल तर सही करण्याआधी एक दिवस थांबायला सांगा. घेतलं असेल तर करार मागा आणि वकिलाला दाखवा. बऱ्याच करारांत विक्री घटली तर रोजची कपात त्या प्रमाणात कमी करून मागायचं कलम असतं आणि मालकाला ते कुणी सांगितलेलं नसतं.

कर्ज घ्यायचंच तर रस्ते आहेत. आमच्यासारख्या संस्था आहेत. एसबीए म्हणजे केंद्राच्या लघुउद्योग खात्याचं मायक्रोलोन ५०,००० डॉलरपर्यंत मिळतं, तेही ना-नफा संस्थांमार्फत. कीवा या लोकांकडून उसने गोळा करणाऱ्या वेबसाइटवर १५,००० पर्यंत शून्य टक्क्याने मिळतं, आणि तिथे कुणीही २५ डॉलरपासून उसने देऊ शकतं. आधी मालकाने आपल्या ओळखीतल्या ठरावीक लोकांना पुढे आणायचं असतं. तुमची चार कुटुंबं आणि ऑफिसातली मंडळी तिथे खरोखर उपयोगी पडतील. वर्गणीची जी हौस आहे ती इथे भागवा, पैसे परत येतात. मात्र एक विचारून ठेवा : कोविडमधलं ईआयडीएल, म्हणजे सरकारी आपत्ती-कर्ज, अजून आहे का? ३.७५ टक्के व्याज, ३० वर्षं मुदत. रक्कम २५,००० च्या वर असेल तर धंद्याच्या सगळ्या सामानावर सरकारचा हक्क नोंदलेला असतो. नव्या सावकाराला ते पहिल्याच दिवशी कळलं पाहिजे, महिनाभर फाइल फिरल्यावर नाही.

आणि कागद. न्हाव्याच्या उदाहरणात बघितलंत की कागदावर नफा कमी दिसला की मदतही कमी मिळते. रोखीत आणि कॅश अ‍ॅपवर चालणारे धंदे, मालकाच्या घरखर्चाच्याच खात्यात मिसळलेले, वर्षातून एकदा घाईने केलेला टॅक्स. असा धंदा प्रत्यक्षात चांगला असतो आणि फायलीत आजारी दिसतो. तुमच्यापैकी कुणाला हिशोब येत असेल, तर आठवड्यातली एक संध्याकाळ देऊन मागच्या सहा महिन्यांचे व्यवहार वेगळे करून द्या : विक्री, माल, पगार, भाडं, मालकाने घरासाठी काढलेले. कुठल्या पदार्थावर पैसे सुटतात आणि कुठल्यावर जातात हे त्यातच दिसतं. पण उपदेश करायला जाऊ नका. या मालकांना धंदा कसा करायचा हे शिकवणारे खूप भेटतात. त्यांनी आपल्यापेक्षा कितीतरी कमी भांडवलात इतकी वर्षं दुकान उघडं ठेवलंय. विचारा, सांगतील ते काम करा. लांबचं मार्गदर्शन हवं असेल तर जॉर्जिया विद्यापीठाचं एसबीडीसी (लघुउद्योग विकास केंद्र) आणि अनुभवी स्वयंसेवकांची स्कोअर या संस्था सल्ल्याचे पैसे घेत नाहीत.

भाड्याबद्दल आपल्या लोकांना थेट सांगायचंय. अटलांटाच्या आसपास छोट्या स्ट्रिप मॉलमध्ये पैसे गुंतवलेली भारतीय कुटुंबं बरीच आहेत, मराठीही आहेत, आणि अशा ठिकाणचे भाडेकरू अनेकदा कृष्णवर्णीय असतात. बहुतेक भाडेपट्टे ट्रिपल नेट : मालमत्ता कर, विमा, देखभाल सगळं भाडेकरूवर. विमा वाढला की भाडेकरूला एका पत्राने कळतं. गाळा रिकामा पडला तर नवा भाडेकरू यायला कित्येक महिने लागतात, दलालाची फी जाते, आतली दुरुस्ती करावी लागते. म्हणून चांगल्या भाडेकरूला सहा महिने कमी भाडं आणि थकबाकी पट्ट्याच्या शेवटी जोडून देणं हे मालकाच्याही हिताचं असतं. तुमच्या ओळखीत असा कुणी मालक असेल तर त्याच्याशी बोला. कॅफेच्या मालकिणीने मात्र बोलणी नोटीस यायच्या आधी सुरू करायला हवीत. जॉर्जियात कोर्टाची डिस्पझेसरी, म्हणजे जागा खाली करण्याच्या दाव्याची, नोटीस बजावली की उत्तर द्यायला ७ दिवसच मिळतात, आणि उत्तर दिलं नाही तर निकाल मालकाच्या बाजूने जातो.

कायद्याचं. तुम्ही गिऱ्हाईक म्हणून कुठे खायचं, कुणाला उसने द्यायचे, मित्राचा हिशोब करून द्यायचा, यात कुणालाही हरकत घेता येत नाही. जे बदललंय ते सरकारी योजना आणि संस्थांच्या अनुदानांबाबत. २०२१ मध्ये रेस्टॉरंटांसाठी २८.६ अब्ज डॉलरचा निधी आला, त्यात स्त्रिया, माजी सैनिक आणि सामाजिकदृष्ट्या वंचित मालकांना पहिले २१ दिवस प्राधान्य होतं. या प्राधान्यावर खटले झाले, आणि मंजुरी मिळालेल्या सुमारे ३,००० मालकांची मंजुरी मागे घेतली गेली. आमच्याच अटलांटातला फिअरलेस फंड कृष्णवर्णीय स्त्रियांच्या धंद्यांना २०,००० डॉलरची अनुदानं देत असे. त्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये खटला झाला, जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाने अनुदान थांबवलं, सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन ते बंदच झालं. खटला भरणाऱ्यांनी आधार घेतला होता १८६६ च्या नागरी हक्क कायद्याचा. गुलामीतून सुटलेल्या माणसांना करार करण्याचा समान हक्क मिळावा म्हणून केलेला तो कायदा. हे लिहिताना मला आजही वाईट वाटतं. ऑक्टोबर २०२५ पासून केंद्राच्या वाहतूक खात्याच्या कंत्राटांतही वर्णावरून वंचित मानणं बंद झालंय. प्रत्येक मालकाने आपल्यावर काय बेतलं ते स्वतंत्रपणे, पुराव्यानिशी लिहून द्यायचं. ते लिहायला मदत करणं हेही आता एक काम होऊन बसलंय.

अटलांटाला हे जास्त लागतं, कारण या शहराने उलटं करून दाखवलं होतं. मेनार्ड जॅक्सन १९७४ मध्ये शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले तेव्हा शहराच्या कंत्राटांत अल्पसंख्याकांच्या कंपन्यांचा वाटा एक टक्काही नव्हता. त्यांनी विमानतळाच्या कामात पंचवीस टक्क्यांचा आग्रह धरला, बड्या कंपन्यांनी आरडाओरड केली, ते हटले नाहीत, आणि १९८० मध्ये ते टर्मिनल उघडलं. आज तुम्ही ज्या विमानतळावरून मुंबईला जाता ते हेच. आपल्याकडे २००५ मध्ये पुण्यात मिलिंद कांबळे यांनी डिक्की ही दलित उद्योजकांची संघटना स्थापन केली, २०१२ पासून केंद्र सरकारच्या खरेदीत अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांसाठी ४ टक्के राखले गेले, त्यामागचा विचारही हाच : अनुदानापेक्षा खात्रीची ऑर्डर.

बँकेबद्दल एक सुचवते. तुमच्या आणीबाणीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतली काही रक्कम कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या बँकेत ठेवा. अटलांटात १९२१ पासून सिटिझन्स ट्रस्ट बँक आहे. अडीच लाख डॉलरपर्यंत एफडीआयसीचा, म्हणजे सरकारी ठेव-विमा संस्थेचा, विमा आहेच. तुमची ठेव म्हणजे त्या बँकेला स्थानिक कर्जं देण्यासाठी लागणारा पैसा. या समाजाने बँकेवर विश्वास ठेवायला किती किंमत मोजलीय ते आठवा : मुक्त झालेल्या गुलामांसाठी १८६५ मध्ये संसदेच्या कायद्याने उघडलेली फ्रीडमन्स बँक १८७४ मध्ये बुडाली, ६१,००० ठेवीदारांचे जवळपास तीस लाख डॉलर अडकले. तरी १९०३ मध्ये रिचमंडमध्ये मॅगी लीना वॉकर यांनी धुणं धुणाऱ्या बायकांच्या नाण्यांवर सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक उभी केली, आणि ती दुसऱ्या कृष्णवर्णीय बँकांशी जोडून महामंदीतून तारून नेली. त्यांनीच १९०५ मध्ये मोठं दुकानही काढलं होतं, ते मात्र टिकलं नाही. गोऱ्या व्यापाऱ्यांनी घाऊक विक्रेत्यांवर दबाव आणून मालच तोडायचा प्रयत्न केला, आणि गिऱ्हाइकंही पुरेशी आली नाहीत. गिऱ्हाईक, माल आणि उधारीची मुदत, तिन्ही लागतात.

मालाच्या किमतींचा प्रश्न आत्ताही आहेच. वेण्या घालणाऱ्या बायकांना लागणारे केस बहुतांश चीनमधून येतात. एप्रिल २०२५ मध्ये चिनी मालावरचं शुल्क १४५ टक्क्यांपर्यंत चढलं, मे मध्ये ३० वर आलं. घाऊक दुकानदाराने मात्र या गोंधळात भाव वाढवून ठेवले. विगसाठी लागणारे खरे केस तर आपल्या देशातून, तिरुपतीसारख्या देवस्थानांच्या लिलावांतूनही येतात. दोन महिने आधी ठरलेल्या वेळेचा भाव वाढवून सांगणं त्या बायकांना जड जातं. तुमच्या ऑफिसातली कुणी तिथे जात असेल तर वाढीव भाव कुरकुर न करता द्या, एवढं सांगा.

टार्गेट या बड्या दुकान-साखळीवरच्या बहिष्काराबद्दल तुमच्या ऑफिसात वाद झाला म्हणालात. जानेवारी २०२५ मध्ये टार्गेटने विविधतेचे कार्यक्रम गुंडाळले, अटलांटाजवळच्या न्यू बर्थ चर्चचे पाद्री जमाल ब्रायंट यांनी चाळीस दिवसांच्या बहिष्काराची हाक दिली. पण त्याच फडताळांवर कृष्णवर्णीय उद्योजकांचा माल होता, आणि त्यांच्यापैकी काहींनी जाहीरपणे सांगितलं की विक्री पडली तर नुकसान आमचं होईल. मला दोन्ही बाजू पटतात. व्यवहारात उत्तर सोपं आहे : तोच माल त्या कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्या. दुकानाचा वाटा वाचतो, पैसे लवकर पोचतात.

आणि समजा हिशोब करून बघितल्यावर दिसलं की कॅफे चालणारच नाही, तर? मग नीट बंद करायला मदत करा, हीही मोठी मदत आहे. पहिले पैसे कामगारांच्या पगाराला, आणि पगारातून कापलेल्या कराला. तो कर भरला नाही तर कंपनी बंद झाली तरी आयआरएस, म्हणजे केंद्राचं करखातं, मालकाच्या मागे व्यक्तिशः लागते, आणि गिऱ्हाइकांकडून घेतलेल्या विक्रीकराचंही तसंच. पुरवठादारांशी हप्ते ठरवता येतात. यंत्रं घाईत भंगारात न घालता विकता येतात. असं बंद झालेलं दुकान दोन वर्षांनी पुन्हा उघडू शकतं, कारण मालकाची पत शाबूत असते.

तर सोमवारी जा, गर्दी नसताना, दुपारी तीनच्या सुमाराला. बुधवारच्या नाश्त्याची ऑर्डर आगाऊ द्या आणि मग विचारा, पुढच्या तीस दिवसांत कुठलं बिल कुठल्या तारखेला आहे? त्या सांगायला तयार असतील तर भाडेपट्ट्याची प्रत आणि तीन महिन्यांची बँक स्टेटमेंट घ्यायला सांगा. पट्ट्यात दोन जागा आधी बघा : भाड्याची वैयक्तिक हमी त्यांनी दिलीय का, आणि थकबाकीची लेखी नोटीस दिल्यानंतर ती भरायला किती दिवस आहेत. ते दिवस कळले की कर्जाचा अर्ज आधी करायचा की मालकाशी बोलणी आधी, हे मला सांगता येईल.